झाकलेली आपत्ती आणि समदुःखी मित्र

वर्षावासाच्या दिवसांत प्रवचनाच्या निमित्ताने मावळात आमचे जाणे होते. अशाच एका संध्याकाळी पंचशीलावर बोलून झाल्यावर उपासक-उपासिका आपापल्या घरी परतल्या आणि एक तिशीतला गृहस्थ तेवढा मागे राहिला. कामशेतच्या रस्त्यापर्यंत तो आमच्याबरोबर छत्री धरून चालला. बराच वेळ तो काही बोलेना. मग म्हणाला, "सर, तिसरे शील मी रोज सकाळी म्हणतो आणि रोज रात्री मोडतो." मोबाईलवरील अश्लील चित्रे पाहण्यात त्याच्या रात्री जात होत्या. पगाराचे पैसे शहरात जाऊन खर्च होत होते. घरात पत्नीशी बोलणे तुटले होते. त्याने शपथा घेतल्या होत्या, उपवास केले होते, ध्यानाच्या शिबिरातही तो बसून आला होता. दर वेळी काही दिवस बरे जात आणि पुन्हा सारे पूर्ववत होई. त्याचा प्रश्न एवढाच होता : "आता मी त्रिसरण म्हणावे, की म्हणू नये?"

आम्ही त्याला ध्यान चालू ठेवण्यास सांगितले आणि गाडी पकडली. उत्तर अपुरे होते, हे लोकल तळेगावपर्यंत येण्याच्या आतच आमच्या ध्यानात आले. ज्याने एकट्याने सर्व उपाय करून पाहिले, त्याला आम्ही आणखी एक उपाय एकट्यानेच करण्यास सांगितला होता. त्याचे गाव आम्ही येथे सांगत नाही. ते वडिवळे असते काय किंवा नाणे मावळातील दुसरे कोणते असते काय, त्याची अडचण सारखीच राहिली असती. प्रस्तुत लेख त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करण्याचा प्रयत्न आहे. त्यात आमचे म्हणणे एकच आहे : या विकारात वासनेइतकीच तिच्यावर घातलेली झाकण माणसाला बांधून ठेवते, आणि ती झाकण समदुःखी मित्रांच्या सोबतीने काढता येते, हे धम्म-विनयाने फार पूर्वीच ओळखले होते.

विकार कशास म्हणावे?

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे, कारण या विषयात लाज आणि आजार यांची फार गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारली व ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. त्याला व्यसनांच्या वर्गात न ठेवता आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांच्या वर्गात ठेवले आहे. कामवासना तीव्र असणे म्हणजे हा विकार नव्हे. लैंगिक वर्तन हेच आयुष्याचे केंद्र होऊन प्रकृती, काम व जबाबदाऱ्या यांची हेळसांड होणे. ते आवरण्याचे अनेक प्रयत्न फसणे. नुकसान दिसत असूनही ते चालू राहणे. त्यातून समाधान मिळेनासे झाले तरी न थांबणे. अशी त्याची लक्षणे आहेत. ही स्थिती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागते.

त्याच वर्गीकरणात एक महत्त्वाची मर्यादा घातली आहे. केवळ नैतिक अपराधी भावनेमुळे होणारा मनस्ताप हा विकार ठरत नाही. हस्तमैथुन केले म्हणून कोणी रोगी होत नाही आणि 'धातू गेल्याने' शक्तिपात होतो ही समजूत वैद्यकशास्त्राला मान्य नाही. तसेच समलिंगी आकर्षण हाही रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच ते रोगांच्या यादीतून वगळले. जो तरुण निव्वळ लाजेने पिचलेला आहे त्याला गटाची नव्हे, योग्य माहितीची गरज असते.

ही माहिती देणे महाराष्ट्रात कधीच सोपे नव्हते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर म्हणजे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तथापि हा प्रसंग बाबासाहेबांच्या अनुयायांनी विसरू नये असा आहे. लैंगिक अडचणीविषयी माणसाने प्रश्न विचारावा आणि त्याला शास्त्रीय उत्तर मिळावे, हा त्याचा हक्क आहे, अशी भूमिका घेऊन ते न्यायालयात उभे राहिले होते. ज्या विहारात त्यांची प्रतिमा आहे त्या विहारात हा प्रश्न विचारण्यास माणसाला भीती वाटावी, हे त्या वारशाशी सुसंगत नाही.

सेय्यसक आणि उदायी

आता विनयपिटकाकडे वळू. संघादिसेस नावाचे जे तेरा नियम आहेत, त्यांतील पहिला नियम भिक्षूने बुद्धिपुरस्सर वीर्यपात करण्याविषयी आहे. त्याची निदानकथा अशी की, सेय्यसक नावाचा भिक्षू ब्रह्मचर्यात रमत नव्हता. तो कृश झाला, त्याचा वर्ण पालटला, अंगावर शिरा दिसू लागल्या. उदायी नावाच्या भिक्षूने त्याची विचारपूस केली आणि त्याला सल्ला दिला : हवे तितके जेव, हवे तितके झोप, हवे तितके स्नान कर, आणि वासना उठली की हाताने तिचे शमन कर. सेय्यसकाने तसे केले व काही दिवसांत तो टवटवीत दिसू लागला. इतर भिक्षूंनी कारण विचारले तेव्हा प्रकार उघडकीस आला आणि भगवंतांनी नियम घालून दिला.

येथे दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. पहिली अशी की, हा नियम ब्रह्मचर्याची दीक्षा घेतलेल्या भिक्षूसाठी आहे. उपासकाचे तिसरे शील निराळे आहे; परक्याच्या विश्वासाचा, संमतीचा व संसाराचा भंग करणारा मिथ्याचार त्यात वर्ज्य आहे. भिक्षूचा नियम उपासकावर लादून त्याच्या अपराधी भावनेत भर घालणे योग्य नाही. तो नियम आम्ही येथे घेतला आहे तो त्यातील सुधारणेच्या पद्धतीसाठी.

दुसरी गोष्ट अधिक सूचक आहे. उदायी हाही सेय्यसकाचा सोबतीच होता. त्याने विचारपूस केली, सहानुभूती दाखवली आणि अनुभवाचे म्हणून चार शब्द सांगितले. तरीही तो कल्याणमित्र ठरत नाही, कारण त्याने मित्राला त्याच्या ध्येयाकडे नेले नाही. ध्येय सोडून सुटका कशी मिळवावी हे शिकवले. पुढच्या नियमांच्या निदानकथांत स्त्रियांशी गैरवर्तन करणारा म्हणून पुन्हा उदायीचेच नाव येते. दोन समदुःखी एकत्र आले म्हणजे आपोआप आधार निर्माण होतो असे नाही. दोघे मिळून एकाच खड्ड्यात अधिक आरामात बसण्याची सोयही करू शकतात. समदुःखींच्या आजच्या गटांना नियमांची आवश्यकता का भासते, याचे उत्तर या कथेत आहे.

परत घेण्याचा विधी

संघादिसेस या नावातच संघ आहे. या दोषातून मोकळे होण्याच्या प्रक्रियेत आरंभापासून शेवटपर्यंत संघ लागतो. एकट्याने प्रायश्चित्त घेऊन भागत नाही. विनयात दोषाला 'आपत्ती' म्हणतात. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. हे दोन्ही अर्थ येथे जवळ येतात. ज्याच्याकडून दोष घडला तो संकटात सापडला आहे, ही दृष्टी त्या विधीत दिसते.

विधीचे टप्पे असे. ज्याने दोष लपवला नाही त्याने सहा रात्रींचे 'मानत्त' पाळावयाचे. या काळात त्याने दररोज भिक्षूंना आपली स्थिती सांगावयाची असते. ज्याने दोष लपवला त्याने आधी जितके दिवस लपवला तितके दिवसांचा 'परिवास' करावयाचा व नंतर मानत्त. शेवटी निदान वीस भिक्षूंचा संघ त्याला पुन्हा आपल्यात घेतो. या विधीला 'अब्भान' म्हणतात. वीसांत एकही कमी असला तर अब्भान सिद्ध होत नाही.

वाचकांनी या हिशेबाकडे लक्ष द्यावे. मूळ दोष दोघांचाही सारखाच. वाढीव मुदत आहे ती केवळ झाकण्याबद्दल. एक दिवस झाकले तर एक दिवस, पंधरा दिवस झाकले तर पंधरा. झाकल्याने दोष वाढत जातो, हे विनयाने दिवसांच्या मापाने सांगितले आहे. उदानातील उपोसथाच्या प्रसंगी झाकलेल्या व उघडलेल्या गोष्टींविषयी पावसाची उपमा आली आहे. मावळच्या पावसात राहणाऱ्या वाचकाला ती अधिक सांगण्याची गरज नाही.

चुल्लवग्गाच्या समुच्चयक्खन्धकात याच आपत्तीचे विस्तृत उदाहरण आहे आणि तेथेही भिक्षूचे नाव उदायीच आहे. पहिल्या वेळी त्याने दोष लपवला नाही. मानत्त पाळून तो परत आला. पुढे त्याने एक दिवस लपवला, नंतर पाच दिवस. त्या पाच दिवसांचा परिवास चालू असताना त्याच्याकडून पुन्हा तोच दोष घडला. संघाने त्याला 'मूलाय पटिकस्सना' दिली, म्हणजे आरंभापासून पुन्हा सुरुवात करावयास सांगितले. मानत्तास पात्र झाल्यावर पुन्हा दोष घडला, मानत्त पाळताना घडला, अब्भानाच्या उंबरठ्यावर आल्यावरही घडला. दर वेळी त्याने येऊन सांगितले आणि दर वेळी संघाने पुन्हा आरंभापासून सुरुवात करून दिली. शेवटी त्याचे अब्भान झाले.

या प्रकरणाचा पालीतला पाठ अतिशय रुक्ष आहे. तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात आणि विद्यार्थी ती पाने उलटून पुढे जातात. विद्यार्थिदशेत आम्हीही तेच केले. आज वाटते की, ती पुनरुक्तीच त्यातील आशय आहे. माणूस पुन्हा घसरतो, हे तेथे गृहीत धरलेले आहे. घसरल्याबद्दल सवलत नाही. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून होते. पण दारही बंद होत नाही. मैथुनाच्या पाराजिक दोषाने भिक्षुत्व जाते, हे खरे. परंतु त्या मर्यादेच्या अलीकडे, लाजिरवाण्या आणि वारंवार घडणाऱ्या दोषासाठी संघाने परतीची वाट आखून ठेवली होती.

परिवासातील भिक्षूवर बंधने असत. खालचे आसन, वंदन न स्वीकारणे अशी ती होती. त्यांतील एक बंधन विशेष महत्त्वाचे आहे : शुद्ध भिक्षूच्या सोबतीवाचून, संकट ओढवल्याखेरीज, जेथे भिक्षू नाहीत अशा ठिकाणी त्याने जावयाचे नाही. दोष घडलेल्या माणसाला एकटे सोडू नये, असाच त्याचा अर्थ होतो.

मेघियाचे आम्रवन

एकांत हा साधकाचा मित्र आहे, असे आपण नेहमी ऐकतो. मेघियाची कथा त्याची मर्यादा दाखवते. मेघिय भगवंतांचा सेवक असताना त्याला नदीकाठचे एक रम्य आम्रवन दिसले. तेथे एकट्याने ध्यान करण्याची त्याने परवानगी मागितली. भगवंतांनी त्याला थांबण्यास सांगितले, परंतु तिसऱ्यांदा मागितल्यावर जाऊ दिले. तेथे बसताच कामवितर्क, द्वेषाचे वितर्क व हिंसेचे वितर्क यांनी त्याला घेरले. तो परत आला तेव्हा भगवंतांनी, अपरिपक्व चित्त परिपक्व होण्यास पाच गोष्टी लागतात, असे सांगितले. त्यांत पहिली कल्याणमित्रता आहे. शील दुसरे, उपकारक धम्मचर्चा तिसरी, उद्योग चौथा आणि प्रज्ञा पाचवी. शिवाय पहिली गोष्ट असली की उरलेल्या चार येतील अशी अपेक्षा ठेवता येते, असेही त्यांनी स्पष्ट केले.

आम्ही त्या गृहस्थाला पहिले सोडून उरलेले सांगितले होते. त्याची मोबाईल घेतलेली रात्र हे त्याचे आम्रवन होते आणि आम्ही त्याला पुन्हा तेथेच पाठवले.

कामवासनेवर अशुभभावनेचा उपाय सांगितला जातो व मेघियालाही तो सांगितला आहे. परंतु तोही एकट्याने, घृणेच्या भरात करण्याचा नव्हे. वेसालीत भगवान पंधरा दिवस एकांतात असताना अशुभभावना करणाऱ्या अनेक भिक्षूंना स्वतःच्या देहाची किळस येऊन त्यांनी जीव दिला, असे विनयात व संयुत्तनिकायात आले आहे. त्यानंतर भगवंतांनी संघाला आनापानस्मृती शिकवली. स्वतःचा तिरस्कार वाढला म्हणजे वासना गेली, असा समज करून घेऊ नये. उलट तिरस्कारातून सुटण्यासाठीच माणूस पुन्हा जुन्या सवयीकडे वळतो, असे चक्र बनते.

आजचे गट

समदुःखींच्या गटांचा आधुनिक इतिहास मद्यपाशातून सुरू होतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या नमुन्यावर अनिवार कामवर्तनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचे गट तेथेच १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाले. सेक्स अॅडिक्ट्स अॅनॉनिमस हा १९७७ चा, सेक्साहोलिक्स अॅनॉनिमस १९७९ चा. आता अशा गटांच्या सभा दूरध्वनीवरून व इंटरनेटवरूनही भरतात.

महाराष्ट्राला ही पद्धत अपरिचित नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनातून स्वतः बाहेर पडलेली माणसे इतरांना आधार देण्याचे काम करतात आणि व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. दारूच्या बाबतीत जे आपण मान्य केले, ते कामवर्तनाच्या बाबतीत मान्य करताना अडखळतो, एवढाच फरक आहे.

असा गट चालतो तरी कसा? पाच-दहा प्रौढ माणसे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गोलाकार बसतात. संचालन पाळीपाळीने होते. प्रत्येकाने स्वतःविषयी बोलावयाचे. दुसऱ्याला उपदेश करावयाचा नाही, त्याचे बोलणे तोडावयाचे नाही. आपल्या हातून काय घडले ते सांगताना त्याचे चवीने वर्णन करावयाचे नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनात तेच चाळवते. किती दिवस नीट गेले ते सांगितले जाते; घसरलेला माणूस पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतो आणि इतर त्याचे स्वागत करतात. सभेबाहेर एखादा जुना सभासद नव्याची जबाबदारी घेतो, म्हणजे वासना उसळली तर रात्रीच्या वेळीही त्याला फोन करता येतो. फी नसते. येथे ऐकलेले येथेच राहते. ज्याने चुल्लवग्गाची ती रुक्ष पाने वाचली आहेत, त्याला यातील पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

याचा उपयोग कोणत्या मार्गाने होतो तेही समजून घ्यावे. दुसऱ्याच्या तोंडून आपलीच हकीकत ऐकली की 'असा नीच मी एकटाच' हा भ्रम तुटतो. सांगण्याची सवय लागली की इच्छा आणि कृती यांच्यामध्ये एक फोन करण्याइतके अंतर पडते. आणि दुसऱ्या घसरलेल्याला उठवताना माणसाला स्वतःचा आदर परत मिळू लागतो.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात चार प्रकारचे खरे मित्र सांगितले आहेत. त्यांतील एक 'समानसुखदुक्ख', म्हणजे आपला समदुःखी. त्याच्या लक्षणांत असे येते की, तो स्वतःचे गुपित आपल्याला सांगतो, आपले गुपित जपतो आणि संकटात सोडून जात नाही. गटाची सारी घटना या तीन लक्षणांत बसते. त्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे : प्रथम तो स्वतःचे सांगतो. उपदेशक आणि समदुःखी यांच्यातील भेद येथेच आहे.

काही शंका

पहिली शंका ईश्वराची. बारा पायऱ्यांच्या मूळ पद्धतीत मनुष्याने आपले असहायत्व मान्य करून एका उच्च शक्तीवर विश्वास ठेवावा, असे अपेक्षित असते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्धाने हे कसे स्वीकारावे? ही अडचण खरी आहे. परंतु गटाचा प्राण ईश्वरकल्पनेत नाही, परस्परांतील सत्यकथनात आहे. पाश्चात्त्य देशांतील बौद्धांनी चार आर्यसत्ये व अष्टांगिक मार्ग यांच्या आधारे असे गट चालवलेही आहेत. त्यांतील एका चळवळीच्या संस्थापकावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, तेव्हा अनेक सभासद बाहेर पडले आणि २०१९ साली त्यांनी रिकव्हरी धर्म ही संघटना उभी केली. तीत कोणी एक गुरू नाही. सभासदच सभासदांना आधार देतात. ज्याच्याभोवती वलय असते त्याला आपला दोष सांगणे सर्वांत कठीण जाते, हा त्यातील धडा भिक्षू, धम्मचारी, प्राध्यापक आणि पुढारी या सर्वांना लागू आहे.

दुसरी शंका स्वावलंबनाची. भगवंतांनी स्वतःच स्वतःचा आधार होण्यास सांगितले, मग मित्रांचा आधार कशाला? ही विसंगती वरवरची आहे. प्रयत्न ज्याचा त्यानेच करावयाचा, एवढे त्या उपदेशाने ठरते. तो एकाकीपणे करावा असे ठरत नाही. कल्याणमित्रता म्हणजे ब्रह्मचर्याचा अर्धा भाग, असे आनंदाने म्हटले तेव्हा भगवंतांनी ते दुरुस्त करून ती सबंध ब्रह्मचर्यच आहे असे सांगितले, हे सर्वांस माहीत आहे.

तिसरी शंका गुन्ह्याची. जेथे बळजबरी आहे, जेथे बालकाला इजा झाली आहे, तेथे प्रश्न केवळ विकाराचा राहत नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. गट हे लपण्याचे ठिकाण नव्हे. पीडित व्यक्तीचे संरक्षण प्रथम, सुधारणेचा विचार नंतर. विकाराच्या नावाखाली पत्नीने सर्व सहन करावे, असाही अर्थ कोणी काढू नये. तिला स्वतःचा आधार, स्वतःचा वैद्यकीय सल्ला आणि स्वतःचा निर्णय यांचा अधिकार आहे. पतीची पहारेकरी होणे हे तिचे काम नव्हे.

चौथी गोष्ट वैद्यकाची. गट हा डॉक्टरांना पर्याय नव्हे. नैराश्य, मद्यपान, उन्मादाचा आजार किंवा कंपवातावरील काही औषधे यांमुळेही लैंगिक वर्तन अनावर होऊ शकते. ते मनोविकारतज्ज्ञानेच तपासले पाहिजे. समुपदेशन व गरजेप्रमाणे औषध यांचा उपयोग होतो. जीव देण्याचे विचार येत असतील तर क्षणाचाही विलंब करू नये.

मावळातून मार्ग

आता प्रत्यक्ष अडचण. वडिवळ्यासारख्या गावात सर्व सर्वांना ओळखतात. एखाद्या घराचे दार सायंकाळी बंद दिसले तरी त्याची चर्चा होते. तेथे दर बुधवारी सात माणसे एका खोलीत कशासाठी बसतात, हे दुसऱ्या आठवड्यात धरणाच्या पलीकडे कळेल. आपल्या समाजाला आणखी एक भीती आहे. जे लोक आपल्याकडे बोट दाखवण्यास नेहमी टपलेले असतात, त्यांच्या हाती कोलीत मिळेल, या धास्तीने आपण वस्तीतील दुखणी झाकून ठेवतो. भीती निराधार नाही. परंतु तिची किंमत एकेकटा माणूस आणि त्याची पत्नी मोजत असते.

येथे विनय आणि आजचा गट यांतील एक भेद लक्षात घ्यावा लागेल. भिक्षू आपला दोष संपूर्ण संघासमोर सांगे, कारण तो संघ त्याच शिक्षेने बांधलेला होता. गाव तसे बांधलेले नसते. म्हणून गृहस्थाने सर्वांसमोर उघडे होण्याची गरज नाही; विश्वासू, त्याच मार्गावरील थोड्या माणसांसमोर उघडे होणे पुरेसे आहे. गुप्तता आणि झाकण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गुप्ततेत निदान एकाला सत्य माहीत असते.

तेव्हा वडिवळ्याच्या माणसाने आरंभ कोठून करावा? प्रथम त्याने शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. २०२२ पासून चालू असलेली ही सेवा विनामूल्य आहे व नाव-गाव न सांगताही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांबाबतची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. कामशेतहून लोकलने पुणे गाठता येते; शहरातील गर्दी एरवी त्याची शत्रू ठरली होती, आता ती त्याला ओळखीपासून झाकील. तेथे मनोविकारतज्ज्ञाची भेट घ्यावी. दूरध्वनीवरील एखाद्या सभेत प्रथम केवळ ऐकत बसावे. ज्या मोबाईलने रात्री घेतल्या त्याच मोबाईलवर एका समदुःखी मित्राचा क्रमांक असू शकतो. झोपताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणे, पगाराच्या दिवशी एकटे शहरात न जाणे, असे साधे इंद्रियसंवरही त्याच्या जोडीला हवेत.

विहारांकडून फारशी अपेक्षा नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या विहाराने आठवड्यातून एक तास एक खोली द्यावी, कशासाठी ते फलकावर लिहू नये व कोण आले ते विचारू नये. 'स्वमदत गट' एवढे नाव पुरे. तिसऱ्या शीलावर प्रवचन देणाऱ्याने शेवटी दोन वाक्ये अधिक सांगावीत : ज्याला हे शील पुन्हा पुन्हा मोडल्याचे दुःख आहे, त्याच्यासाठी वाट आहे; आणि ती एकट्याने चालावयाची नाही.

मावळाला ही गोष्ट नवी नाही. कार्ल्याच्या शिलालेखात वलूरकच्या लेण्यांतील चारी दिशांच्या संघाला, वर्षावासात राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी, उषवदाताने करजिक गाव दिल्याची नोंद आहे. वर्षावासाच्या अखेरीस पवारणा होते. पाहिलेला, ऐकलेला किंवा शंका आलेला माझा दोष मला सांगा, असे प्रत्येक भिक्षू सोबत्यांना विनवतो. तेव्हा याच डोंगरांत, पाऊस ओसरताना, हे विनवणे दर वर्षी होत असले पाहिजे. भाजे आणि बेडसे येथील विहार पाहावेत. निजण्याची खोली एकट्यापुरती, लहान आणि काळोखी आहे. परंतु तिचे दार उघडते ते सर्वांच्या मंडपात.

त्या गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. त्रिसरण शुद्ध झालेल्यांनी म्हणावयाचे नसते. शरण जातो तो संकटात सापडलेला. त्याने त्रिसरण अवश्य म्हणावे. मात्र तिसरे शरण संघाचे आहे, आणि त्याने आजवर संघाला काहीच सांगितलेले नाही. त्या संध्याकाळी कामशेतच्या रस्त्यावर आम्हाला तो जे बोलला ती त्याची सुरुवात होती. ती ओळखण्यात चूक आमची झाली, त्याची नाही.